बिनदोऱ्याचा अंक

आमच्या घरात सुतळी कापायला बंदी आहे. मिठाईचा पुडा असो, साड्यांचा खोका असो की पुस्तकांचं पार्सल असो, गाठ नखानं सोडवायची, सुतळी सरळ करायची आणि ड्रॉवरमध्ये ठेवायची. बायको म्हणते, म्हातारपणी चिक्कू झालात. सून काही म्हणत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तेच असतं. खरं कारण मी दोघींनाही सांगितलेलं नाही. कारण सांगायचं तर साळव्यांबद्दल सांगावं लागेल, आणि साळव्यांबद्दल सांगायचं तर मी त्यांच्याशी काय केलं तेही सांगावं लागेल. ते टाळण्यात पंचवीसेक वर्षं गेली.

साळवे आमच्या कचेरीत दप्तरी होते. नगरमधली सरकारी कचेरी; खातं कुठलं ते सांगत नाही, सांगून काही फरकही पडत नाही. दप्तरी म्हणजे शिपायाच्या वर, कारकुनाच्या खाली, आणि रेकॉर्ड रूमचा धनी. जुन्या फायलींचे गठ्ठे लाल फडक्यात बांधायचे, वर चिठ्ठी डकवायची, मागितला तो गठ्ठा काढून द्यायचा आणि प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र फिरवायचं, हे त्यांचं काम. मी मराठी टंकलेखक. नव्वदीची पहिली वर्षं होती. संगणक येणार, येणार असं सगळे म्हणत, पण आला नव्हता.

माणूस उंच, किडकिडीत, पाठीत जरासा वाकलेला. खाकी शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, साळवे दाभण लावत. हात कधी रिकामा नसे. बोलतानासुद्धा बोटांमध्ये वीतभर दोरा खेळत असायचा, आणि बोलणं संपेस्तोवर त्याचं काहीतरी झालेलं असायचं. ते तुम्हाला दाखवत नसत. एका टोकाला धरून झटका दिला की सगळं सुटून पुन्हा सरळ दोरा.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली तीच मुळी सुतळीवरून. मला एक जुनं प्रकरण हवं होतं. साळवे जागेवर नव्हते. मी गठ्ठा काढला, गाठ सुटेना, म्हणून खिशातलं ब्लेड काढून सुतळी कापली. तेवढ्यात ते आले. खाली पडलेले दोन तुकडे उचलले, तिथल्या तिथे एकमेकांना जोडले आणि गठ्ठा पुन्हा बांधला. मग शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, कापायला काय, कुनालाबी येतं. पुढच्या टायमाला हाक मारा.”

मला राग आला होता. दप्तरीनं मला शिकवावं? पण त्यांच्या आवाजात चिडणं नव्हतं. उलट कुणाचं तरी काही दुखावलं गेलंय आणि ते मला दिसत नाही, असं काहीसं होतं.

गाठींचा नाद त्यांना कधीपासून होता ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नाद म्हणजे नादच. रविवार आला की पायडल मारत निघायचे, नाहीतर एसटीनं. ऊसतोडीच्या फडात जाऊन बायका मोळी कशी बांधतात ते बघायचे. टेम्पोवाले ताडपत्री कशी आवळतात, गवंडी भिंतीलगत बांबूंचा पहाड कसा बांधतात, बाळंतिणीच्या घरी झोळी छताला कशी टांगतात, फुलवाल्याची बोटं गजरा ओवताना नेमकी कुठं अडकतात, हे सगळं बघायचे. बघून आले की दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तीच गाठ दहा-वीस वेळा मारायचे.

एकदा रजा टाकून काष्टीच्या बाजाराला गेले. तिथं एक बैल दाव्याला बांधला होता. दाव्याची गाठ त्यांना नवी वाटली. ते बैलापाशी बसले आणि गाठ सोडून बघायला लागले. बैलाचा मालक चहा पीत होता. त्यानं बघितलं, कुणी परका माणूस आपला बैल सोडतोय. आरडाओरडा झाला, माणसं जमली. साळवे म्हणाले, “मी नुसती गाठ बघतोय.” यावर कोण विश्वास ठेवणार? एकानं गचांडी धरली. तेव्हा साळव्यांनी सांगितलं, “माझे डोळे बांदा आन् दावं हातात द्या. बांदता आली न्हाई तर हाना.” गमच्यानं त्यांचे डोळे बांधले. त्यांनी चाचपडत दाव्याला ती गाठ मारली. म्हातारा मालक हसायलाच लागला. त्यानं चहा पाजला आणि वर शिंगाला दोर टाकायची आणखी एक गाठ शिकवली. हे आम्हाला सांगताना साळव्यांचा चेहरा अगदी सरळ. “मार पडायच्या आदी पाठ झाली म्हनून वाचलो,” एवढंच म्हणाले.

आणि हे सगळं ते लिहायचे. महिन्याला एक पान, त्याचं नाव ‘गाठी’. कचेरीत रद्द झालेल्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर सायक्लोस्टाइलवर काढायचे, तीस-पस्तीस प्रती. त्यासाठी लागणारी स्टेन्सिल, म्हणजे मेणकागद, स्वतः विकत आणायचे, हेडक्लार्क देशमान्यांची रीतसर परवानगी घेऊन. एका पानावर एकच गाठ. ती कशाला लागते, दोर कसला लागतो, पहिलं बोट कुठं, दुसरं कुठं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात दाभणानं दोन भोकं पाडून त्यात खरा दोरा ओवलेला, आणि त्या दोऱ्याला ती गाठ मारलेली. प्रत्येक प्रतीला. आणि शेवटी एक ओळ ठरलेली असायची: ‘ही गाठ कुणाची’. तिथं शिकवणाऱ्याचं नाव, गाव आणि काम. नाव कळलं नसेल तर तसं लिहायचे: ‘ऊसतोडीवाल्या मावशी, नाव विचारलं तर हसल्या.’

हे अंक ते कचेरीत वाटत, चहाच्या हॉटेलात देत, स्टँडवरच्या हमालांना देत, दवाखान्यातल्या एका सिस्टरला देत, दोन-चार टेम्पोवाल्यांना देत. आमच्या कचेरीत बहुतेक लोक पान उलटून मागचं जुनं परिपत्रकच वाचायचे. दोरा तेवढा काढून कुणी चाव्यांना बांधायचे. साळव्यांना ते दिसायचं, पण पुढच्या महिन्यात अंक यायचाच.

स्टेन्सिल मी टाईप करून द्यायचो, दुपारच्या सुट्टीत. ते हातानं लिहिलेला कागद द्यायचे, मी टाईप करायचो आणि करता करता त्यांची भाषा सुधारायचो. ‘हाय’चं ‘आहे’, ‘न्हाई’चं ‘नाही’. मला वाटायचं मी उपकार करतोय. त्या काळात मी कविताही करत होतो. मासिकांना पाठवायचो आणि त्या इमानदारीनं परत यायच्या. माझं एक अक्षर कुठं छापून येत नव्हतं आणि हा दप्तरी दर महिन्याला आपलं पान काढून लोकांच्या हातात देतोय, हे मला कुठंतरी खुपत होतं. तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

लोक त्यांना विचारायचे, कशाला लिहिता हो हे? कुणाला काय उपयोग? साळवे प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. शिपायांना म्हणायचे, “हात विसरत्यात, कागद न्हाई विसरत.” सिस्टरला म्हणाले होते, “नादच हाय, ताई.” एकदा देशमान्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. देशमाने तोंडाचा गोड आणि मनाचा तिखट माणूस. म्हणाले, “साळवे, हे दोर वळणं-बांधणं तुमच्याकडं परंपरेनंच आलं असेल, नाही का?” त्यातला रोख सगळ्यांना कळला. साळवे बौद्ध, भिंगारचे. त्यांच्या वडिलांच्या पिढीनं गावातली जुनी कामं आणि जुना धर्म दोन्ही सोडलेलं. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो, आवाज न करता.

साळव्यांनी हातातला दोरा सरळ केला. “परंपरेनं आलं असतं साहेब,” ते म्हणाले, “तर सोदत कशाला फिरलो असतो?”

त्याच महिन्याच्या अंकात पहिल्यांदा त्यांनी एक विनंती लिहिली. एक गाठ शोधतो आहे. ओझं ओढलं की ती आवळते आणि एका बोटानं दाबली की सुटते. कुणाला येत असेल तर पत्र टाकावं. खाली भिंगारचा घरचा पत्ता. हातच्या कागदावर त्यापुढं आणखी एक वाक्य होतं: या गाठीचं टोक बाहेर दिसत नाही, गाठ ते स्वतःच्या पोटात घेते. पण स्टेन्सिल खालच्या काठापर्यंत भरली होती. मी ते वाक्य गाळलं आणि त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मंग. एवढंबी पुरे.”

ही विनंती पुढं तीन-चार अंकांत येत राहिली. एकही पत्र आलं नाही.

आणि मग तो दिवस. देशमाने चहा पिताना म्हणाले, “अहो, बिचाऱ्याला एक तरी वाचक द्या. तुम्ही कवी ना?” सगळे हसले आणि मला ते फार विनोदी वाटलं. माझी सासुरवाडी सोनईजवळच्या वस्तीवर. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा डाव्या हातानं एक कार्ड लिहिलं आणि सोनईच्या पोस्टात टाकलं. खाली नाव: विठोबा कोंडाजी आवारे, शेतकरी, मु. पो. सोनई. असा कुणी माणूस नव्हता. कार्डात लिहिलं होतं की एका टेम्पोवाल्याकडं ‘गाठी’ बघायला मिळाला, आमच्या मळ्यात सगळे आवडीनं वाचतात.

साळव्यांनी ते कार्ड कचेरीत आणलं. कुणालाही दाखवलं नाही, फक्त मला. “भाऊसाहेब,” ते म्हणाले, “मळ्यात वाचत्यात म्हनं.” कार्ड त्यांनी अंकाच्या फायलीत ठेवलं नाही, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

तिथं थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. पुढच्या खेपेला दुसरं कार्ड टाकलं, झोळीच्या गाठीबद्दल एक शंका विचारून. साळव्यांनी त्या शंकेला सबंध अंकभर उत्तर दिलं, त्यासाठी दोन घरी जाऊन झोळ्या बघून आले. देशमान्यांची हसून पुरेवाट झाली. आणि खरं सांगतो, मला नुसतं हसू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कुणीतरी पुनःपुन्हा वाचत होतं. साळव्यांना ती कार्डं तोंडपाठ होती.

तिसऱ्या कार्डानं घात केला. काहीतरी जोरदार पाहिजे म्हणून मी लिहिलं, तुम्ही शोधता ती गाठ आमच्याकडं कडब्याचं ओझं बांधायला मारतात. टोक बाहेर दिसत नाही, गाठीच्या पोटात जातं. माझे चुलते मारतात. आता थकले आहेत, जमलं तर लवकर यावं.

कार्ड मिळालं त्या दिवशी साळवे तडक माझ्या टेबलापाशी आले. हातात दोरा नव्हता. पहिल्यांदाच नव्हता.

“भाऊसाहेब, बगा. टोक पोटात घेती म्हनून लिवलंय. ही वळ आपल्या अंकात आली न्हवती ना? तुमी गाळली हुती?”

मी मान हलवली. आता पकडलो गेलो, असं वाटलं.

“मंग?” साळवे म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “छापलंच नव्हतं, तरी त्यास्नी ठाऊक! म्हंजी तीच गाठ. खरीच हाय ती. मी रईवारी जातो सोनईला.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. “साळवे, ती कार्डं माझी,” एवढे चार शब्द. समोर देशमाने बसले होते, तोंडावर फाईल धरून हसत. मी म्हणालो, “जाऊन या की.”

रविवारी सकाळी मला राहवेना. सायकल काढली आणि भिंगारला गेलो. जाताना सगळं ठरवलं होतं, पहिलं वाक्य कुठलं बोलायचं तेसुद्धा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दारावर पंचरंगी ध्वजाचं चित्र, आत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. साळवेवहिनी दाराशी आल्या. मला ओळखत होत्या.

“बसा ना, भाऊसाहेब. हे पहिल्या गाडीनंच गेलं. रातभर डोळा न्हाई लागला त्येंचा.”

मी टेकलो. त्यांनी नको म्हणताना चहा ठेवला. मी नुसतं विचारलं, “एका गाठीसाठी एवढं?”

वहिनींनी स्टोव्ह बारीक केला. मग म्हणाल्या, “तुमास्नी न्हाई सांगितलं त्येंनी? आमचे मामंजी लष्कराच्या डेपोत हमाल हुते. वळकटी घेऊन पंधरा-पंधरा दिस मालाबरूबर जायाचे. वळकटीला त्येंचीच एक गाठ. दुसऱ्या कुनाला येत नव्हती. पोरगं मोठं झालं की शिकवीन म्हनायचे. मामंजी गेले त्या दिशी वळकटी तशीच बांदलेली कोपऱ्यात. घरात पावनंरावळं, पांगरायला पायजे हुतं. हे तवा बावीस वर्साचं. ह्येंना गाठ सुटंना. रडत रडत विळीवर दोरी कापली. कापली तशी गाठ आपसूक गळून पडली, आन् ती कशी बांदली हुती ते कुनाला कळलंच न्हाई.”

त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत सुती दोराचे दोन तुकडे होते, मळके, मऊ झालेले.

“हे बगा. ह्येच घिऊन बसत्यात. आदी नुसतं सोदत हुते, लोकास्नी इचारत. मंग म्हनाले, किती जनास्नी इचारनार? लिवतो. लिवलं की कुठंतरी पोचतं. कुनीतरी वाचील आन् म्हनंल, आमच्याकडं बांदत्यात अशी. बाकीच्या गाठी समद्या त्येच्या सोबतीला.”

चहा समोर आला. मी तो प्यालो. एवढं ऐकूनसुद्धा मी त्या बाईला सांगितलं नाही. उठताना त्या म्हणाल्या, “तुमच्यामुळं झालं, भाऊसाहेब. तुमी टाईप करून देता म्हनून पान निगतं.” मी सायकलवर बसलो तेव्हा माझी मलाच किळस आली होती, आणि ती आजही पुरती गेलेली नाही.

सोमवारी साळवे वेळेवर आले. चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या, बहुतेक पुसायचं भान नव्हतं. देशमान्यांनी विचारलं, “काय, भेटले का आवारे?” साळवे म्हणाले, “न्हाई साहेब. पोस्टात इचारलं, बाजारात इचारलं, वस्त्यावस्त्या फिरलो. त्या नावाचं कुनी न्हाई.” देशमाने म्हणाले, “अरेरे.”

दुपारच्या सुट्टीत ते माझ्याकडं आले.

“भाऊसाहेब, तो माझा हाताचा कागद हाय का तुमच्याकडं? इनंतीचा?”

माझ्या ड्रॉवरमध्ये होता. दिला. त्यांनी तो उभ्या उभ्याच वाचला, शेवटपर्यंत. स्टेन्सिलवर न आलेलं ते वाक्य होतं तिथं त्यांचं बोट थांबलं. तो कागद ते स्वतः आणि मी सोडून कुणीही पाहिलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फार नाही, गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचायला लागतो तेवढाच वेळ. मग कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि रेकॉर्ड रूममध्ये निघून गेले.

मला वाटलं, आता ‘गाठी’ बंद पडणार. मनाच्या एका कोपऱ्यात मी तशी इच्छाही केली असेन. पण पुढच्या महिन्यात अंक आला. या वेळी माझ्याकडं टाईप करायला आला नव्हता. स्टेन्सिलवर टोकदार सळईनं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, स्वतःच्या बोलीत. ‘हाय’ आणि ‘न्हाई’ जागच्या जागी. मी इतके दिवस सुधारून काय घालवत होतो ते तेव्हा दिसलं.

अंक नेहमीसारखा टेबलावर ठेवून गेले होते. कोपऱ्यात दाभणाची दोन भोकं होती, दोरा नव्हता. पडला असेल म्हणून मी टेबलाखाली शोधला. शेजारच्या टेबलावरच्या अंकाला दोरा होता. देशमान्यांच्याही होता. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच: सगळ्यांना दोरा आणि मला दोन भोकं. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. ते माझी प्रत विसरत नव्हते, वगळत नव्हते. “भाऊसाहेब” म्हणणं थांबलं नाही, मागितलेला गठ्ठा मिळायला उशीर झाला नाही. फक्त दोरा यायचा बंद झाला. कचेरीत दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नाही.

देशमान्यांनी एकदा छेडलंच. “साळवे, तुमचा सोनईचा वाचक तर गेला. आता कुणासाठी लिहिता?”

साळवे यंत्राचं हँडल फिरवत होते. ते न थांबवता म्हणाले, “कुनी वाचतंय म्हनून कुटं लिवत हुतो, साहेब? कुनीतरी वाचील म्हनून लिवतो.”

मी मान वर केली नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. रेकॉर्ड रूमच्या दारापर्यंत जायचो. आतून गठ्ठ्यांचा जुना वास यायचा, दाभण फडक्यातून जाताना कर्र असा आवाज यायचा, आणि मी एखाद्या फायलीचा नंबर विचारून परत यायचो. अशी पाच वर्षं काढली. लोकांना वाटत असेल शरमेनं माणूस सुधारतो. मी तर नुसता फायली मागवत राहिलो.

साळवे रिटायर झाले तेव्हा कचेरीत संगणक आला होता आणि सायक्लोस्टाइलचं यंत्र जिन्याखाली जाऊन पडलं होतं. जाण्याआधी त्यांनी तेच यंत्र बाहेर काढलं, पुसलं आणि शेवटचा अंक काढला. निरोप समारंभाच्या सकाळी सगळ्यांच्या टेबलावर ठेवला.

मी सवयीनं आधी कोपरा पाहिला. दोन भोकं, दोरा नाही. मग शेजारच्या टेबलावर पाहिलं. तिथंही दोन भोकं, दोरा नाही. देशमान्यांच्या अंकाला नाही, कुणाच्याच अंकाला नाही. पानावर वळकटीचं वर्णन होतं: दोर कसा दोनदा फिरतो, ओझं ओढलं की काय होतं, बोटानं दाबलं की काय होतं, टोक कुठं जातं. मधलं काही नव्हतं. मधे तीन ओळींची कोरी जागा सोडलेली. आणि खाली नेहमीची ओळ:

‘ही गाठ कुनाची: भिकाजी तुकाराम साळवे, हमाल, भिंगार. शिकायची ऱ्हाऊन गेली.’

पाच वर्षांत पहिल्यांदा माझा अंक सगळ्यांसारखा होता. ते पाहून मला जे वाटलं ते सुटका नव्हती.

समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, दोन-चार भाषणं. देशमान्यांनी ‘हाडाचा कर्मचारी’ म्हणून तोंडभरून कौतुक केलं. साळवे दोन वाक्यं बोलून बसले. पाच वाजता लोक पांगले आणि मी खाली उतरलो. सायकलस्टँडवर ते एकटेच होते. घड्याळाचा खोका, शाल, नारळ असं सगळं कॅरिअरवर रचून सुतळीनं बांधत होते. खोका एका बाजूला कलत होता.

मी पुढं झालो आणि सुतळीचं एक टोक धरलं. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

“साळवे,” मी म्हणालो, “ते सोनईचं...”

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्या हातातल्या टोकाकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.

“सोडा, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “तुमी धरून ठेवली की ती आवळत न्हाई.”

मी सोडली. त्यांनी सुतळी खोक्याखालून घेतली, एकदा फिरवली, ओढली. खोका सरळ झाला. स्टँड काढून ते सायकल हातात धरून फाटकापर्यंत चालत गेले, मग चढले आणि भिंगारच्या रस्त्याला लागले. मी मोकळे हात घेऊन तिथंच उभा होतो, आणि ते दिसेनासे होईपर्यंत कॅरिअरवरच्या त्या गाठीकडं बघत होतो. ती कुठली गाठ होती ते मला ओळखता आलं नाही.